प्रयोगशाळेतला फ्रॉइड

सिग्मंड फ्रॉइडचे नाव निघाले की डोळ्यांपुढे येतो तो कोचावर पहुडलेला रुग्ण आणि त्याच्या उशाशी बसून स्वप्नांचा अर्थ लावणारा दाढीधारी वैद्य. या चित्राआधीची जवळजवळ वीस वर्षे या माणसाने मज्जापेशी व मेंदू यांच्या अभ्यासात घालविली, याचे स्मरण मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच असते.

१८७३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, फ्रॉइड व्हिएन्ना विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास दाखल झाला. वडील लोकरीचे व्यापारी. कुटुंब मोठे आणि मिळकत तुटपुंजी. तरीही पदवी घेण्यास त्याने १८८१ साल उजाडू दिले. हा विलंब आळसाचा नव्हता. ब्रेन्टानो यांची तत्त्वज्ञानावरील व्याख्याने त्याने आवडीने ऐकली. १८७६ मध्ये ट्रिएस्टच्या सागरी केंद्रात नराची जननग्रंथी शोधण्यासाठी सुमारे ४०० वाम मासे चिरले. त्याच वर्षी तो अर्न्स्ट ब्र्यूके यांच्या शरीरक्रियाविज्ञान संस्थेत शिरला आणि तेथेच रमला.

सजीवाच्या शरीरात भौतिक व रासायनिक शक्तींखेरीज दुसरी कोणतीही गूढ शक्ती नांदत नाही, ही ब्र्यूके यांची शिकवण. त्यांनी फ्रॉइडच्या हाती दिला लॅम्प्रे हा माशासारखा आदिम जलचर. माशांच्या मज्जारज्जूलगतच्या पेशींना दोन टोकांनी दोन तंतू फुटतात. उच्च प्राण्यांत एकच तंतू निघून पुढे दुभंगतो. लॅम्प्रेमध्ये हे दोन्ही प्रकार आणि त्यांच्या मधल्या सर्व पायऱ्या एकत्र आढळतात, हे फ्रॉइडने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले. उत्क्रांतीची एक हरवलेली कडी एका विद्यार्थ्याने जागेवर बसविली होती.

परंतु विद्वत्तेने चूल पेटत नाही. संस्थेतील साहाय्यकांच्या दोन्ही जागा एक्सनर आणि फ्लाइश्ल यांच्याकडे होत्या. दोघेही फ्रॉइडहून अवघ्या दहा वर्षांनी मोठे. जागा रिकामी होण्याची आशा नव्हती. १८८२ साली ब्र्यूके यांनीच त्याला घरची स्थिती ओळखून संशोधन सोडण्याचा सल्ला दिला. त्याच जूनमध्ये मार्था बर्नाइसशी त्याचा वाङ्‌निश्चय झाला होता. लग्नासाठी मात्र दोघांना चार वर्षे थांबावे लागले. या सल्ल्याबद्दल त्याने मनात अढी धरली नाही. पुढे एका मुलाचे नाव त्याने अर्न्स्ट ठेवले, ते या गुरूवरूनच.

त्यानंतरची तीन वर्षे इस्पितळातील उमेदवारीची. कीर्तीची घाई याच काळात त्याला नडली. १८८४ मध्ये त्याने कोकेनचे गुण गाणारा निबंध लिहिला आणि वेदनांमुळे मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या मित्र फ्लाइश्लला तेच औषध सुचविले. एका व्यसनाच्या जागी दोन आली. १८९१ मध्ये फ्लाइश्ल वारला. फ्रॉइडच्या चरित्रातील हा डाग कोणत्याही समर्थनाने पुसला जात नाही.

पॅरिसमध्ये १८८५-८६ च्या हिवाळ्यात त्याने शार्को यांचे हिस्टेरियाचे रुग्ण पाहिले. अवयव धडधाकट असूनही केवळ कल्पनेने लुळे पडू शकतात, हे तेथे त्याला उमगले. तरीही मेंदूचा नाद सुटला नाही. १८९१ मध्ये त्याने मेंदूच्या विकाराने वाचा जाण्यावर एक ग्रंथ लिहिला. १८९५ च्या शरद ऋतूत तर सर्व मनोव्यापार मज्जापेशींच्या भाषेत मांडण्याचा घाट घातला. पेशी जेथे एकमेकींना भिडतात तेथे अडसर असतो, आणि वारंवारच्या वापराने तो सैल होतो, तीच स्मृती, असा त्याचा तर्क होता. या सांध्याला ‘सिनॅप्स’ हे नाव मिळाले ते १८९७ साली. हस्तलिखित त्याने मित्र फ्लीस यांच्याकडे धाडले आणि लौकरच तो विषय बाजूस ठेवला. ते छापले गेले १९५० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी.

फ्रॉइडच्या अनेक सिद्धांतांना पुढे प्रयोगाचा आधार मिळाला नाही, हे खरेच. पण त्याने प्रयोगशाळा अविश्वासाने सोडली, हा समज निराधार आहे. तिच्या दाराबाहेर त्याला गरिबीने काढले. मेंदूच्या वाटेने मनापर्यंत पोहोचण्याची साधने तर त्या काळी कोणापाशीच नव्हती. १९३८ मध्ये नाझींमुळे त्याला व्हिएन्ना सोडावे लागले. पुढच्याच वर्षी त्याच शहरातून एरिक कँडेल हा नऊ वर्षांचा ज्यू मुलगा अमेरिकेस गेला. मनोविश्लेषक होण्यासाठी तो वैद्यक शिकला, आणि अखेर समुद्री गोगलगायीच्या मज्जापेशींकडे वळला. सिनॅप्समधील बदलांतून स्मृती कशी घडते, हे दाखविल्याबद्दल २००० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.