एस. एम. जोशी
श्रीधर महादेव जोशी ऊर्फ एस. एम. जोशी (१२ नोव्हेंबर, १९०४ : जुन्नर – १ एप्रिल, १९८९ : पुणे) हे स्वातंत्र्यसैनिक, समाजवादी नेते आणि संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे एक सूत्रधार होते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. पर्वतीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९२९ साली झालेल्या सत्याग्रहात ते सहभागी होते. १९४१ मध्ये ते राष्ट्र सेवा दलाचे दलप्रमुख झाले. १९४२ च्या लढ्यात त्यांनी वेषांतर करून भूमिगत कार्य केले.

१९५६ मध्ये ते संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस झाले. परस्परविरोधी विचारांच्या पक्षांना एका मागणीवर एकत्र ठेवण्याचे अवघड काम त्यांनी केले. १९५७ मध्ये ते पुण्यातून द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आले. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. राज्याची सत्ता मात्र काँग्रेसकडेच राहिली.

१९६७ मध्ये ते पुण्यातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांनी मंत्रिपद कधीही भूषविले नाही. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याच्या मागणीस, तीव्र विरोध असतानाही, त्यांनी पाठिंबा दिला. नामविस्तार १९९४ मध्ये, त्यांच्या निधनानंतर झाला. ‘मी एस. एम.’ हे त्यांचे आत्मचरित्र आहे.