जंगल बुकवाल्या किपलिंगचे वडील, चिनी मातीचा कारखाना आणि मुंबईचं जे. जे.

विरार लोकल पकडून क्रॉफर्ड मार्केटला खरेदीला जाणाऱ्याचं लक्ष भावाकडं असतं. प्रवेशदारावरच्या दगडी शिल्पांकडं कोण बघतंय? त्या शिल्पांमागचा माणूस मात्र चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात तयार झाला होता.

जॉन लॉकवुड किपलिंग. जन्म १८३७ चा, यॉर्कशायरमधला. शाळकरी वयात लंडनचं १८५१ चं महाप्रदर्शन पाहिलं आणि कलेचं वेड लागलं. मग बर्स्लेम गाठलं. हे गाव म्हणजे इंग्लंडच्या भांडी-उद्योगाचं माहेरघर. तिथल्या कारखान्यात लॉकवुड नक्षी आणि साचेकाम शिकले. तिथंच रुडयार्ड नावाच्या तलावाकाठी ॲलिस मॅक्डोनाल्ड भेटली. १८६५ मध्ये लग्न झालं आणि जोडपं मुंबईला आलं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकवायची नोकरी होती. वर्षअखेरीस मुलगा झाला, त्याला तलावाचंच नाव दिलं. हाच जंगल बुकचा लेखक.

आता गंमत बघा. साहेब आले होते इथल्या पोरांना शिकवायला. पण लॉकवुड स्वतःच इथल्या सुतार, विणकर, तांबटांकडं बघत बसायचे. कारागिरांची त्यांनी काढलेली चित्रं आजही अभ्यासली जातात.

त्याच काळात जे. जे.चे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी शाळेत कुंभारकाम सुरू केलं. सिंधी भांड्यांची झिलई आणि अजिंठ्याची नक्षी असा तो मेळ होता. पुढं टेरींनी 'वंडरलँड आर्ट पॉटरी' नावानं स्वतःचा धंदा थाटला. कारखाना कधीच बंद पडला, त्याची भांडी मात्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. अजिंठ्याची नक्षी बघायला लंडनला जायचं, हे जरा विचित्रच.

हा धंदा उभा राहिला तेव्हा लॉकवुड मुंबईत नव्हते. १८७५ मध्ये ते लाहोरला गेले. मेयो स्कूल ऑफ आर्टचे प्राचार्य आणि म्युझियमचे क्युरेटर अशी दोन्ही कामं त्यांनी सांभाळली. भाई राम सिंग हा सुतार घराण्यातला विद्यार्थी त्यांच्याच हाताखाली घडला. राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बोर्न हाऊसमधला दरबार हॉल सजवायचं काम दोघांकडं आलं.

१९०१ मध्ये रुडयार्डची 'किम' कादंबरी आली. तिच्यातला लाहोर म्युझियमचा क्युरेटर म्हणजे वडीलच. पुस्तकासाठी साठी ओलांडलेल्या लॉकवुडनी नुसती चित्रं काढली नाहीत. हातात पुन्हा माती घेतली, उठावाची शिल्पं केली आणि त्यांचे फोटो पुस्तकात छापले. १९११ मध्ये ते वारले.