आर्चिबाल्ड ब्लेअर आणि धगधगते बेट

अंदमान म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे सेल्युलर जेल आणि स्वातंत्र्यवीर सावरकरांची कोठडी येते, आणि त्या पाठोपाठ पोर्ट ब्लेअर हे नाव आठवते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या शहराचे नाव श्री विजय पुरम झाले. पूर्वी सुपा म्हणून ओळखला जाणारा आपला तालुका आज जोयडा आहे, तेव्हा नावे बदलतात हे आपल्याला नवे नाही. पण हा ब्लेअर कोण होता, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

आर्चिबाल्ड ब्लेअरचा जन्म १७५२ चा. तरुणपणीच तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारात दाखल झाला. १७५५ साली पेशव्यांच्या साथीने आंग्र्यांचा सुवर्णदुर्ग जिंकणारे ते हेच आरमार. ब्लेअरचे काम मात्र तोफांचे नव्हते. समुद्राची खोली मोजायची, खडक आणि प्रवाह टिपायचे, किनाऱ्याचा नकाशा काढायचा, हा त्याचा पेशा. हिंदुस्थान, इराण आणि अरबस्तान यांचे किनारे त्याने असे पाहिले. १७८० साली त्याचे जहाज फ्रेंचांच्या हाती पडले आणि सुटकेसाठी १७८४ उजाडावे लागले. सुटताच तो पुन्हा त्याच कामावर रुजू झाला.

१७८८ च्या अखेरीस गव्हर्नर जनरल कॉर्नवॉलिसच्या सरकारने त्याला अंदमानच्या पाहणीवर धाडले. वादळात जहाजांना आसरा देईल असे बंदर हवे होते. पुढच्या वर्षी, याच पाहणीत, तो मुख्य बेटांच्या पूर्वेला एकाकी उभ्या असलेल्या बॅरन बेटाकडे वळला. त्या वेळी ते बेट पेटलेले होते.

बेटाचा आकार मोठा विलक्षण. भोवती उंच कड्यांचे कडे, पश्चिमेला समुद्राकडे उघडणारी एक वाट आणि मधोमध शंकूसारखा डोंगर. शंकूचा पायथा जवळजवळ समुद्रसपाटीलाच. ब्लेअर जवळ गेला तेव्हा मुखातून धुराचे प्रचंड लोट उठत होते आणि तांबडेलाल दगड उडत होते. तो तेथे असतानाच दोन-तीन स्फोट झाले. तापलेले दगड उतारावरून गडगडत आले आणि उसळ्या घेत त्याच्या माणसांच्याही पलीकडे गेले. काही दगड तीन-चार टनांचे असावेत आणि ते पायथ्यापासून काहीशे यार्ड दूर फेकले गेले होते, असे त्याने नोंदवले. दूरच्या भागातली झुडपे सुकलेली, झाडे होरपळलेली. उंचीचा अंदाज मात्र त्याचा चुकला. त्याने ती सुमारे १८०० फूट धरली; आजच्या मोजणीत बेटाचा सर्वांत उंच भाग साडेअकराशे फुटांच्या आसपास भरतो.

त्याच वर्षी त्याने शोधलेल्या बंदरात कंपनीची वसाहत उभी राहिली. १७९२ मध्ये ती उत्तरेकडच्या दुसऱ्या बंदरात हलवली गेली आणि रोगराईने माणसे मरू लागल्यावर १७९६ मध्ये बंदच झाली. ब्लेअर त्याआधीच विलायतेला परतला होता. १८१५ साली तो वारला.

त्याच्या कामाला मागाहून दोन वाटा फुटल्या. सत्तावनच्या उठावानंतर कैदी ठेवायला जागा हवी होती. इंग्रजांनी १८५८ मध्ये ब्लेअरचेच जुने बंदर निवडले आणि त्याला त्याचे नाव दिले. जहाजांच्या आसऱ्यासाठी शोधलेली जागा काळे पाणी झाली आणि पुढे तेथेच आपल्या माणसांनी कोलू ओढला.

दुसरी वाट ज्वालामुखीची. ब्लेअरने पाहिले ते रूप कायम राहिले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आणखी काही उद्रेक झाले, मग डोंगर शांत झाला. नंतरच्या पाहुण्यांना तेथे वाफ आणि किनाऱ्याशी गरम पाणी एवढेच आढळले. दीडशेहून अधिक वर्षांनी, १९९१ मध्ये, तो पुन्हा फुटला आणि लाव्हा थेट समुद्राला जाऊन मिळाला. १९९४-९५ आणि २००५ मध्येही तो जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ तळाचे नमुने घेत असताना त्यांच्या डोळ्यांदेखत राख उडू लागली. एकेक उद्रेक पाच-दहा मिनिटांचा. दिवसा नुसती राख दिसे. सूर्य मावळल्यावर तांबड्या लाव्हाची कारंजी आणि उतारावरून वाहणारे ओघळ दिसले.

हा भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी. त्याचा स्वभाव कसा पालटत गेला हे सांगायचे, तर सुरुवात ब्लेअरच्या नोंदीपासूनच करावी लागते. त्याच्या नकाशाचा उपयोग कशासाठी झाला, हे आपण विसरू शकत नाही आणि विसरूही नये. पण दगड अंगावरून जात असताना त्यांचे वजन आणि अंतर टिपून ठेवणारी त्याची नजर, शहराच्या पाटीवरून नाव उतरले तरी, अभ्यासकांच्या उपयोगी पडतच राहील.