विश्लेषण : उपचारांचा खर्च दवाखान्याबाहेरच कमी करता येतो? जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे यांनी काय केले होते?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. पण त्याचा उपयोग मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर होतो. रुग्णाला दाखल करण्याची वेळच येऊ नये यासाठी काय करायचे? अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडमध्ये या प्रश्नावर १९७० पासून काम झाले. डॉ. मेबल आरोळे आणि त्यांचे पती डॉ. रजनीकांत यांनी ते उभे केले.

कोण होत्या मेबल आरोळे?

मेबल यांचा जन्म १९३५ मध्ये जबलपूरला झाला. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये त्या डॉक्टर झाल्या. मूळचे राहुरीचे रजनीकांत तिथेच शिकत होते. १९६० मध्ये दोघांचे लग्न झाले आणि आयुष्यभर खेड्यात काम करायचे, असे त्यांनी ठरवले.

वडाळ्यात काय लक्षात आले?

१९६२ ते १९६६ या काळात दोघे जिल्ह्यातीलच वडाळा येथील मिशन रुग्णालयात होते. तिथे रुग्ण बरे होऊन घरी जात आणि काही दिवसांनी त्याच तक्रारी घेऊन परत येत. दूषित पाणी, कुपोषण, असुरक्षित बाळंतपण ही मुळे गावातच राहत होती. त्यानंतर दोघांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले.

जामखेडमध्ये काय केले?

१९७० मध्ये त्यांनी दुष्काळी जामखेडमध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. परिचारिका गावात टिकेनात, तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडायची असे ठरले. अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातल्या. त्यांना काय शिकवले?

• गरोदरपणाची तपासणी आणि सुरक्षित बाळंतपण
• मुलांचे वजन आणि आहार
• जुलाब झाल्यास मीठ-साखरेचे पाणी
• क्षय आणि कुष्ठरोगाची लक्षणे ओळखणे

सोबत शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. पिण्याच्या पाण्याच्या विंधन विहिरी दलित वस्तीत घेण्याचा आग्रह धरला गेला. त्यामुळे पाण्यासाठी सगळ्या गावाला तिथे यावे लागले.

फरक किती पडला?

प्रकल्पाच्या गावांमध्ये १९७१ साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ पहिल्या वर्षातच दगावत होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तिशीच्या खाली आला.

१९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडचा समावेश झाला. १९७८ मध्ये अल्मा-आटा परिषदेत जगाने प्राथमिक आरोग्यसेवेची भूमिका स्वीकारली, त्यामागे अशाच अनुभवांचा आधार होता. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

म्हणजे रुग्णालयाची गरज नाही?

आहेच. अडलेले बाळंतपण किंवा शस्त्रक्रिया गावात होत नाही. म्हणूनच जामखेडमध्ये कमी खर्चाचे रुग्णालयही होते. फरक एवढाच, की जे आजार गावात थांबवता येतात ते तिथेच थांबत आणि खरी गरज असलेला रुग्ण वेळेवर पुढे पाठवला जाई. गरीब कुटुंबासाठी याचा अर्थ सरळ आहे : बुडालेली मजुरी, प्रवासाचे पैसे आणि सावकाराचे कर्ज, तिन्ही वाचतात.

आज याचा संबंध काय?

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावोगावी ‘आशा’ कार्यकर्ती नेमली. गावातल्याच बाईच्या हाती आरोग्य देण्याची ही कल्पना जामखेडने ३५ वर्षे आधी वापरून दाखवली होती. मात्र आशांना आजही सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा नाही आणि मानधनासाठी त्यांना वारंवार संप करावा लागला आहे.

मेबल यांचे सप्टेंबर १९९९ मध्ये निधन झाले, रजनीकांत यांचे २०११ मध्ये. जामखेडचा प्रकल्प आजही सुरू आहे. परवडणाऱ्या उपचारांची चर्चा विम्याच्या रकमेवर अडते, तेव्हा त्यांच्या कामाकडे पाहावे लागते. विम्याचे कार्ड रुग्णालयाच्या दारात कामाला येते. त्या दारापर्यंत किती जणांना जावे लागेल, हे मात्र गावातच ठरते.