पाषाणातील वनांचा आचार्य

एखाद्या विद्याशाखेची योग्यता तिच्या पदवीधरांना मिळणाऱ्या नोकऱ्यांवरून ठरविण्याची आपल्याला सवय जडली आहे. अर्थशास्त्राच्या अध्यापकालाही हा हिशेब अपुरा वाटावा, असे बिरबल साहनी यांचे चरित्र आहे.

आज पाकिस्तानात असलेल्या भेरा या गावी १८९१ साली त्यांचा जन्म झाला. लाहोरनंतर केंब्रिजला सिवर्ड यांच्या हाताखाली त्यांनी वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास केला. १९२१ पासून लखनौ विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग त्यांनी नावारूपास आणला. पण ज्याला खडक कळत नाही त्याला खडकातील वनस्पती कशी उमजणार? म्हणूनच १९४३ मध्ये तेथे सुरू झालेल्या भूशास्त्र विभागाची धुराही त्यांनी वाहिली. ज्या काळ्या फत्तरावर महाराष्ट्र उभा आहे, त्याच्या थरांमध्ये गाडल्या गेलेल्या वनस्पतींवरून त्यांनी त्या लाव्हारसाच्या वयाचा वाद लढविला. आज तो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा मानला जातो.

या विद्येला हक्काचे घर मिळावे म्हणून त्यांनी आपला जीवाश्मसंग्रह आणि ग्रंथालय अर्पण केले. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते संस्थेची कोनशिला बसली आणि आठवडाभरातच, १० एप्रिलला, साहनी निवर्तले. पत्नी सावित्रीबाईंनी ते काम पुढे नेले आणि १९५३ मध्ये वास्तूचे उद्घाटन झाले. ती संस्था आजही लखनौत कार्यरत आहे.

विद्यार्थी थोडे म्हणून विषय बंद करू पाहणाऱ्यांनी हा जमाखर्च एकदा तपासावा.