मेजर टेलर : एका सायकलपटूचे चरित्र

आपल्या स्मरणिकेत दर वर्षी ज्ञातीतील एखाद्या कर्तबगार व्यक्तीचा परिचय देण्याचा प्रघात आहे. यंदा तो थोडा बाजूस ठेवून आम्ही एका दूरदेशीच्या पुरुषाची हकीकत वाचकांपुढे मांडीत आहोत. ज्या घरांतून मुलाने खेळाच्या नादी लागावे की पोटापाण्याचा उद्योग पाहावा, हा वाद नित्य चालतो, त्या घरांना ही हकीकत परकी वाटणार नाही. जन्मावरून माणसापुढे दार कसे लोटले जाते, हे तर आपल्या देशात कोणास समजावून सांगावे लागत नाही.

मार्शल वॉल्टर टेलर याचा जन्म २६ नोव्हेंबर १८७८ रोजी अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरी झाला. वर्णाने तो कृष्णवर्णीय. बाप गिल्बर्ट हा अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेला शिपाई. पुढे तो सदर्ड नावाच्या एका श्रीमंत गोऱ्या कुटुंबाकडे कोचमन म्हणून राहिला. घरात आठ मुले आणि मिळकत बेताची. बाप घोड्यांची निगा राखण्यास जाई, तेव्हा लहानग्या मार्शलला सोबत नेई. सदर्डांचा मुलगा डॅनियल याच वयाचा. दोघांची गट्टी जमली आणि मार्शल त्या वाड्यातच राहू लागला. त्याला तेच कपडे, तीच खेळणी आणि तोच घरचा शिक्षक मिळाला. इतर मुलांपाशी सायकली आहेत आणि याच्यापाशी नाही, हे पाहून त्या कुटुंबाने त्याला एक सायकलही घेऊन दिली.

परंतु सवंगड्यांबरोबर तो तरुण ख्रिस्ती मंडळाच्या, म्हणजे वाय.एम.सी.ए.च्या व्यायामशाळेत गेला, तेव्हा त्याला आत घेण्यात आले नाही. सदर्ड दांपत्याने रदबदली करूनही काही उपयोग झाला नाही. वरच्या सज्जात बसून मित्रांचा व्यायाम पाहण्याची तेवढी मुभा मिळाली. पाहिलेले सर्व तो घरी येऊन डॅनियलबरोबर अंगणात करून बघे. पुढे सदर्ड कुटुंब शिकागोस गेले आणि मार्शल आपल्या आईबापांच्या घरी परतला. वाड्यातील सुखाचे दिवस संपले; जवळ राहिली ती सायकल. तिच्यावरून तो वर्तमानपत्रे टाकू लागला.

रिकाम्या वेळी सायकलवर कसरती करण्याचा त्याला छंद होता. हे अँड विलिट्स या सायकलींच्या दुकानी एकदा दुरुस्तीसाठी गेला असता परत निघताना त्याने सहज एक कसरत करून दाखविली. मालकांची नजर पारखी होती. आठवड्याला ६ डॉलर पगार आणि ३५ डॉलरची नवी सायकल देऊन त्यांनी त्याला नोकरीस ठेवले. सकाळी दुकान झाडायचे आणि दुपारी दारापुढे कसरती करून गिऱ्हाईक जमवायचे, हे त्याचे काम. त्या वेळी तो लष्करी धाटणीचा पोशाख घाली. त्यावरून लोक त्याला मेजर म्हणू लागले आणि जन्मनाव मागे पडून तेच नाव जगभर झाले.

या दुकानातर्फे दर वर्षी दहा मैलांची शर्यत होत असे आणि तिचे सुवर्णपदक दुकानाच्या खिडकीत मांडलेले असे. पोरगा ते पदक लोभाने न्याहाळी. एके वर्षी मालकांनी केवळ गंमत म्हणून त्याला स्पर्धकांच्या रांगेत उभे केले. तो रडकुंडीस आला. थोडे अंतर जाऊन परत ये, असे त्यांनी त्याला समजावले. पण तो परतला नाही. अर्ध्या वाटेवर मालकांनी ते पदक त्याच्या डोळ्यांसमोर नाचविले आणि पोराने अंगातील सारा जीव पॅडलवर ओतला. पहिला येऊन तो तेथेच कोसळला. मेजरची कारकीर्द अशी थट्टेतून सुरू झाली.

त्या काळी सायकलीस किती मान होता, हे आजच्या वाचकांच्या ध्यानी येणे कठीण आहे. मोटार रस्त्यावर अद्याप क्वचितच दिसे, विमान उडावयाचे होते. माणसाने स्वतःच्या बळावर गाठलेला सर्वांत मोठा वेग तो सायकलीचाच. अमेरिकेच्या व युरोपच्या मोठ्या शहरांतून शर्यतींसाठी फळ्यांच्या वा सिमेंटच्या उतरत्या कडांच्या वर्तुळाकार धावपट्ट्या बांधल्या होत्या. हजारो लोक तिकिटे काढून येत आणि चांगल्या सायकलपटूची कमाई भल्या भल्या वकील-डॉक्टरांहून अधिक असे. अशा या खेळाच्या मुख्य संघटनेने, लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेनने, १८९४ साली ठराव करून गोऱ्यांखेरीज कोणास सभासद करून घ्यावयाचे नाही असे ठरविले. हा ठराव रीतसर धुऊन काढण्यास १९९९ साल उजाडावे लागले!

मेजरचे भाग्य इतकेच की त्याला लुई मंगर हा गुरू लाभला. मंगर स्वतः उंच चाकाच्या सायकलीवरील नामांकित स्वार. पुढे तो सायकलींच्या कारखानदारीत शिरला. हा मुलगा जगातील सर्वांत वेगवान स्वार होईल, असे तो उघड बोलून दाखवी आणि त्याबद्दल लोकांचे टोमणे खाई. अखेर १८९५ साली तो आपला कारखाना व आपला शिष्य दोन्ही घेऊन मॅसॅच्युसेट्स संस्थानातील वूस्टर गावी गेला. तेथील व्यायामशाळेने मेजरला मुकाट्याने आत घेतले. त्या गावात जॉर्ज स्ट्रीट म्हणून एक छातीवर येणारा चढ आहे. मेजर तो सायकलीवरून चढण्याचा सराव करी. वूस्टरबद्दलची कृतज्ञता त्याने जन्मभर बाळगली.

१८९६ च्या ऑगस्टमध्ये तो इंडियानापोलिसला परत आला आणि तेथील धावपट्टीवर त्याने गोऱ्या स्वारांचे विक्रम मोडले. परिणाम असा झाला की, त्या धावपट्टीवर त्याला पुन्हा पाऊल टाकण्याची बंदी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात, नुकतीच अठरा वर्षे पुरी झाली असताना, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो धंदेवाईक स्वार म्हणून उतरला. अर्ध्या मैलाच्या शर्यतीत नामवंतांना मागे टाकून त्याने दोनशे डॉलर जिंकले आणि ते आईला पाठवून दिले. लगेच तेथेच सहा दिवसांच्या अखंड शर्यतीत तो १,७३२ मैल चालला आणि आठवा आला. झोपेवाचून स्वारांना भास होत, शुद्ध हरपे. असल्या शर्यतीच्या वाटेस तो पुन्हा गेला नाही. आमच्या मते यातच त्याचा शहाणपणा दिसतो. आपले बळ थोड्या अंतराच्या झपाट्यात आहे, हे त्याने विशीपूर्वीच ओळखले.

गोरे स्वार त्याला उघड हरवू शकत नाहीत असे दिसताच एकजूट करू लागले. दोघे पुढे, एक बाजूस, एक मागे असा कोंडमारा करून त्याला मध्ये अडकवून ठेवावयाचे, ही त्यांची नित्याची युक्ती. मग शेवटच्या वळणावर एखादी फट दिसताच तो विजेसारखा निसटून जाई. १८९७ साली टॉन्टन येथे शर्यत संपल्यावर बेकर नावाच्या स्वाराने त्याला खाली ओढून त्याचा गळा इतका आवळला की पोलिसांनी सोडवीपर्यंत मेजर बेशुद्ध झाला होता. बेकरला दंड झाला तो पन्नास डॉलर! त्याच हंगामाअखेर दक्षिणेकडील गावांनी मेजरला आपल्या धावपट्टीवर येऊ दिले नाही, आणि गुणांच्या हिशेबाने मिळू शकणारे राष्ट्रीय विजेतेपद हातचे गेले.

तरीही तो डगमगला नाही. १० ऑगस्ट १८९९ रोजी कॅनडातील माँट्रियल येथे एक मैलाच्या शर्यतीत तो जगज्जेता झाला. मुष्टियोद्धा जॉर्ज डिक्सन याच्यानंतर कोणत्याही खेळात जगज्जेता झालेला तो दुसराच कृष्णवर्णीय होय. त्याच वर्षी नोव्हेंबरात शिकागोस पुढे धावणाऱ्या वाफेच्या यंत्राच्या आडोशाने त्याने एक मैल १ मिनिट १९ सेकंदांत कापला. ही गती ताशी ७३ किलोमीटरच्या आसपास भरते. १९०० साली अमेरिकेचे अजिंक्यपदही त्याने मिळविले.

येथे त्याच्या स्वभावाची एक बाजू सांगितली पाहिजे. मेजर हा बॅप्टिस्ट पंथाचा निष्ठावंत होता. मद्य नाही, धूम्रपान नाही, आणि रविवारी शर्यत नाही. फ्रान्समध्ये शर्यती मुख्यत्वे रविवारीच होत. तेथून मोठ्या रकमांची बोलावणी आली ती त्याने याच कारणासाठी परत केली. शेवटी फ्रेंचांनीच नमते घेतले आणि १९०१ साली इतर वारी शर्यती ठेवून त्याला बोलावले. पॅरिसमध्ये फ्रान्सचा लाडका जगज्जेता एदमों जाक्लँ याच्याशी त्याचा सामना झाला. १६ मे रोजी थंडीने गारठलेला मेजर हरला आणि जाक्लँने अंगठा नाकाला लावून त्याला भर मैदानात वेडावले. २७ मे रोजी ऊन पडले होते. त्या दिवशी मेजरने त्याला सरळ हरविले आणि कमरेचा लहानसा अमेरिकी झेंडा काढून फडकविला. ज्या देशात त्याला धड खाणावळ मिळत नसे, त्या देशाचा झेंडा. आम्हांस या प्रसंगाचे नवल आजही वाटते. जर्मनीचा आरेंड, डेन्मार्कचा एलेगार्ड, बेल्जियमचा ग्रोन्या हे सारे विजेते त्या दौऱ्यात त्याच्यापुढे नमले.

१९०२ च्या मार्चमध्ये डेझी मॉरिस हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढील दोन हंगाम तो ऑस्ट्रेलियात गाजला. १९०४ साली सिडनीत कन्या झाली, तिच्या नावातच त्यांनी सिडनी हे नाव गुंफले. पण अमेरिकेतले काही वैरी तेथेही येऊन पोचले होते. परतल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत तान्ह्या मुलीसह या दांपत्याला उतरावयास जागा मिळेना. मनाने व शरीराने थकलेल्या मेजरने शर्यती सोडल्या. १९०७ साली तो पुन्हा उतरला, काही जिंकलाही, परंतु पहिला झपाटा राहिला नव्हता. अखेरच्या हंगामात तर रविवारचा नेमही त्याला सोडावा लागला. १९१० साली, बत्तिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तो कायमचा निवृत्त झाला.

त्या वेळी त्याच्यापाशी सुमारे पाऊण लाख डॉलरची मालमत्ता असावी, असा अंदाज सांगतात. वूस्टरमध्ये, शेजाऱ्यांचा विरोध सोसून घेतलेले, टुमदार घर होते. आता उद्योगधंदा करावा, असे त्याच्या मनाने घेतले. यंत्रविद्या शिकण्यासाठी त्याने तेथील पॉलिटेक्निक संस्थेकडे अर्ज केला, पण माध्यमिक शाळेचा दाखला नसल्याने तो नाकारला गेला. तेव्हा त्याने स्वतःच कल्पना लढविली. मोटारींचे युग सुरू झाले होते आणि हवेच्या टायरांना पंक्चरची पीडा फार होती. धातूचे, स्प्रिंगांच्या आधारे लवणारे टायर काढावे, म्हणजे पंक्चरचा प्रश्नच मिटेल, असा त्याचा विचार. आपल्या नावाची कंपनी काढून त्याने त्यात साठवलेला पैसा घातला. पण रबरी टायर झपाट्याने सुधारत गेले आणि कंपनी बुडाली. कल्पना टाकाऊ होती असे आम्हांस म्हणवत नाही; पण शर्यतीत ज्या माणसाला नेमकी फट दिसे, त्याला बाजारात ती दिसली नाही हे खरे. पुढे काही काळ त्याने टायरांचे लहानसे दुकानही चालविले.

प्रकृती खालावली, डेझीचे दागिने गेले, मग घरही गेले. अशा दिवसांत तो रात्री बसून आत्मचरित्र लिहीत होता. चारशेहून अधिक पानांचे ते पुस्तक त्याने १९२८ साली पदरमोड करून छापले. पुढच्याच वर्षी मंदी आली. पत्नीशी फारकत झाली. १९३० च्या सुमारास तो एकटाच शिकागोस गेला. तेथे तो वाय.एम.सी.ए.च्या कृष्णवर्णीयांसाठी चालविलेल्या वसतिगृहात राही आणि दारोदार फिरून आपले पुस्तक विकी.

२१ जून १९३२ रोजी कुक कौंटी रुग्णालयाच्या धर्मार्थ वॉर्डात तो वारला. वय ५३. देह ताब्यात घेण्यास कोणी आले नाही. माउंट ग्लेनवुड दफनभूमीत गोरगरिबांच्या भागात, दगड न लावता, त्याला पुरण्यात आले. सोळा वर्षांनी, १९४८ साली, जुन्या सायकलपटूंच्या मंडळाने सायकल कारखानदार फ्रँक श्विन यांच्या पैशाने त्याचे अवशेष हलवून त्याच दफनभूमीत चांगल्या जागी ठेवले व वर कांस्याचा फलक बसविला. १९८२ साली इंडियानापोलिसमध्ये, जेथील धावपट्टीने त्याला बंदी केली होती त्याच शहरात, त्याच्या नावाची धावपट्टी उघडली गेली. वूस्टरने २००८ साली ग्रंथालयापाशी त्याचे स्मारक उभारले. त्याआधीच, २००२ पासून, जॉर्ज स्ट्रीटच्या त्याच चढावर त्याच्या स्मरणार्थ सायकलींची चढाओढ भरू लागली होती. स्वार एकेक करून घड्याळाशी झुंजत वर जातात.