कवळाण्याचा गोपाळ



आता माझं शिकायचं वय राहिलं नाही, असं माझी आई नेहमी म्हणते. म्हणून मी मुद्दाम ही माहिती लिहिली आहे.

आपल्या नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे गाव आहे. तिथे ११ मार्च १८६३ रोजी काशीराव गायकवाड यांच्या शेतकरी घरात गोपाळचा जन्म झाला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. आमच्या चौथीच्या पोरांपेक्षा मोठा, पण अक्षरओळख नाही!

१८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाई यांनी त्याला दत्तक घेतले. गोपाळचे सयाजीराव महाराज झाले आणि मग पहिल्यापासून अभ्यास सुरू झाला. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, एवढ्या भाषा शिकायच्या! किती जड गेलं असेल! पण त्यांनी पाटी खाली ठेवली नाही.

१८८१ साली राज्यकारभार त्यांच्या हाती आला. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी त्यांनी शाळा काढल्या. तिथे फी नव्हतीच, वर पुस्तकं आणि पाट्याही फुकट मिळत. हिंदू शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात, तेव्हा महाराजांनी मुसलमान शिक्षक नेमले, पण शाळा चालू ठेवल्या. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सगळ्या राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना दंड होई. पालकांनो, ऐकताय ना!

पण शाळा सुटली आणि घरात पुस्तक नसलं, की शिकलेलं विसरतं. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले आणि वाचनालयाचे खाते सुरू केले. बडोद्याच्या मोठ्या वाचनालयात मुलांसाठी वेगळी जागा ठेवली. खेड्यांसाठी तर लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवत. वाचून झाली की पेटी परत जाई. वर्गणी नाही, आणि रेल्वेचे भाडेसुद्धा सरकारच भरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला शिकायला गेले, तेही महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज वारले.

आम्हाला शाळेत पुस्तकं फुकट मिळतात. ती मी दप्तरातच ठेवत होतो. आता रात्री जेवणं झाली की आईपुढे उघडतो. काल चुलीजवळच्या राखेत मी तिला तीन अक्षरं काढून दाखवली. तिने ती बोटाने गिरवली.

आज ती हे भित्तिपत्रक बघायला येणार आहे. बाकीचं मी तिला वाचून दाखवीन. पण वर मथळ्यात जे नाव आहे, ते कुणी सांगू नका हं! ते ती स्वतः वाचणार आहे.